एका दिवसाची सहल आणि तिचा ताळेबंद

साप्ताहिक सुटी जवळ आली की शहरांत राहणाऱ्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. सकाळी निघून रात्री परतता येईल अशा एखाद्या स्थळी मोटारीने जावे की घरीच विसावा घ्यावा? बहुधा अंतराकडे पाहून निर्णय होतो. 'जेमतेम शंभर किलोमीटर तर आहे' असे कुणीतरी म्हणते आणि बेत पक्का होतो. प्रत्यक्षात किलोमीटर हे या प्रश्नाचे अपुरे माप आहे. व्यवहारातील अन्य खर्चांप्रमाणे सहलीचाही ताळेबंद आधी मांडता येतो आणि तो मांडल्यास पुष्कळसा मनस्ताप टळतो.

यासाठी इंदूर शहराचे उदाहरण घेता येईल. होळकरांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. उज्जैन सुमारे ५५, ओंकारेश्वर ८०, महेश्वर ९० आणि मांडू ९५ किलोमीटरवर आहे. चारही स्थळे 'एका दिवसाची' म्हणून ओळखली जातात. परंतु प्रत्येकाचे गणित निराळे आहे.

वेळेचे गणित

जितके तास रस्त्यावर जातील, किमान तितके तास मुक्कामी मिळावेत, हा एक सोपा आडाखा आहे. उज्जैनला जाण्यायेण्यात सुमारे तीन तास जातात. दर्शनाची रांग गृहीत धरली, तरी दिवस पुरतो. मांडूला जाण्यायेण्यात पाच तास लागतात. पण तेथील वास्तू विखुरलेल्या आहेत. जहाज महाल, होशंगशाहाची कबर, जामी मशीद आणि दक्षिण टोकाचा रूपमती मंडप पाहण्यास पाच तास सहज हवेत. म्हणजे पहाटे निघणाऱ्यालाच मांडू परवडते. दहा वाजता निघणाऱ्या कुटुंबाला प्रवासच अधिक घडेल.

खरी फसगत होते ती 'आलोच आहोत तर' या विचाराने. इंदूर, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू आणि पुन्हा इंदूर हा फेरा सुमारे २८० किलोमीटरचा होतो. त्याला आठ तास धरावेत. बारा तासांच्या दिवसातून भोजन व चहापाण्याचा एक तास वजा केला, तर तीन स्थळांसाठी तीनच तास उरतात. अहिल्याबाईंची राजधानी राहिलेल्या महेश्वराच्या वाट्याला एक तास आला, तर घाट पाहावा, वाडा पाहावा की मागावर विणली जाणारी महेश्वरी साडी पाहावी? असा बेत असल्यास महेश्वरी एक रात्र मुक्काम करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

पैशाचे गणित

स्वतःची मोटार असलेले लोक केवळ इंधनाचा विचार करतात. मोटारीचा विमा व कर्जाचा हप्ता सहलीला न जाताही भरावाच लागतो. तो हिशेबात धरू नये. याउलट टायर, तेल व दुरुस्ती यांची झीज प्रत्येक किलोमीटरगणिक होत असते, ती धरावी. उदाहरणादाखल, मांडूचा फेरा गावातील फिरणे धरून २०० किलोमीटरचा मानू. मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे समजल्यास इंधनाचे १,४०० रुपये होतात. झिजेपोटी किलोमीटरला अडीच रुपये धरले, तर आणखी ५०० रुपये. पथकर, वाहनतळ, प्रवेशशुल्क व भोजन वेगळे.

भाड्याच्या मोटारीचे गणित उलटे असते. बाहेरगावच्या फेरीसाठी अनेक व्यावसायिक दिवसाला किमान २५० किलोमीटरचे भाडे आकारतात. चालकाचा भत्ता त्याखेरीज. त्यामुळे ११० किलोमीटरच्या उज्जैन फेरीलाही २५० किलोमीटरचे पैसे पडू शकतात. दोघांनाच जायचे असेल, तर रेल्वे वा बस पुष्कळ स्वस्त पडते. मोटार खऱ्या अर्थाने परवडते ती चार-पाच माणसे असताना किंवा सोबत वृद्ध असताना.

ऋतू आणि रस्ता

मांडू पावसाळ्यात सर्वांत देखणे असते. पण तेव्हाच घाटरस्ते निसरडे होतात. ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरूघाट आहे आणि पुढे मोरटक्क्याला नर्मदा ओलांडावी लागते. नदीला पूर आल्यास तेथील पूल वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात येतो. श्रावणी सोमवारी आणि नागपंचमीला उज्जैनला प्रचंड गर्दी लोटते. त्या दिवशी तीन तासांचा हिशेब कोलमडतो. पहाटेच्या भस्म आरतीसाठी जाणाऱ्यांनी आधी नोंदणी करून आदल्या रात्री उज्जैनलाच मुक्काम करावा. मध्यरात्री जागून मोटार हाकणे धोक्याचे आहे.

मोटार चालवणारी व्यक्तीही त्याच कुटुंबाची सदस्य असते, हे अनेकदा विसरले जाते. दिवसभराच्या भटकंतीनंतर अंधारात घाट उतरण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. यासाठी परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि एखादे ठिकाण पाहायचे राहिले तरी ती पाळावी.

आगाऊ दिलेली रक्कम

गाडीसाठी आगाऊ दिलेली रक्कम बुडेल, या भीतीने मुसळधार पावसातही निघणारी कुटुंबे असतात. परत न मिळणारी ती रक्कम जाण्याने परत येत नाही आणि न जाण्याने अधिक बुडतही नाही. त्या सकाळी विचार करायचा तो पुढच्या खर्चाचा, धोक्याचा आणि आनंदाचा.

कोणत्याही शहरातील वाचकांना हीच पद्धत वापरता येईल. रस्त्यावरचे तास, मुक्कामाचे तास, माणशी खर्च आणि परतीची वेळ हे चार आकडे कागदावर मांडावेत. ते जुळले, तर निःशंक निघावे. न जुळल्यास एक रात्र वाढवावी किंवा जवळचे स्थळ निवडावे. पैशाची भरपाई पुढील महिन्यात होऊ शकते. थकलेल्या चालकाच्या हातून झालेल्या अपघाताची भरपाई मात्र कोणत्याही खात्यातून होत नाही.