चक्रीवादळे ठरावीक किनाऱ्यांवरच अधिक का आदळतात? : भारतीय किनारपट्टी व महागाव परिसराच्या संदर्भात भौगोलिक विवेचन

प्रस्तावना :

दि. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात, दहागावजवळील नाल्याच्या पुरात पुलावरून जाणारी एस.टी. बस वाहून गेली व त्यात जीवितहानी झाली. त्याच दोन-तीन दिवसांत विदर्भ-मराठवाड्याच्या मोठ्या भागात मुसळधार पाऊस झाला. या पावसाचे मूळ ‘गुलाब’ या चक्रीवादळात होते. ते २६ सप्टेंबरला आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले होते. उमरखेडला लागून असलेल्या महागावपासून हे ठिकाण सुमारे ७०० कि.मी. दूर आहे, अरबी समुद्र मात्र त्याहून जवळ, सुमारे ५०० कि.मी. अंतरावर आहे. तरीही महागावच्या आकाशात येणारी वादळी प्रणाली बहुधा दूरच्या समुद्रातून येते, जवळच्या समुद्रातून नव्हे. असे का घडते, हा प्रश्न काही किनाऱ्यांवर चक्रीवादळे वारंवार का आदळतात या व्यापक प्रश्नाचाच एक भाग होय. प्रस्तुत लेखात त्याची भौगोलिक कारणे स्पष्ट केली आहेत.

चक्रीवादळ निर्मितीच्या अटी :

हरिकेन, टायफून व चक्रीवादळ ही एकाच आविष्काराची प्रदेशपरत्वे निराळी नावे आहेत. त्याच्या निर्मितीसाठी काही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक असावे आणि ही उष्णता पृष्ठभागाखाली बऱ्याच खोलीपर्यंत असावी. मध्य वातावरणात पुरेशी आर्द्रता असावी. अगोदरच एखादे कमी दाबाचे क्षेत्र अस्तित्वात असावे. उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत फार फरक नसावा. अन्यथा वादळाचा स्तंभ उभा राहण्यापूर्वीच मोडतो. शेवटची अट पृथ्वीच्या परिवलनाची आहे. विषुववृत्तावर कोरिऑलिस प्रेरणा शून्य असल्याने हवेला चक्राकार गती मिळत नाही. म्हणून विषुववृत्तापासून साधारण ५ अंशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच जन्मतात.

या अटी जेथे अपूर्ण राहतात तेथील किनारे सुरक्षित ठरतात. पेरूच्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो. दक्षिण अटलांटिकमध्ये वाऱ्यांची रचना प्रतिकूल आहे. त्यामुळे मार्च २००४ मध्ये ब्राझीलवर आलेले ‘कॅटरिना’ हे वादळ हवामानशास्त्रज्ञांना अपवादात्मक वाटले.

दोन समुद्र, दोन स्वभाव :

उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाच चक्रीवादळे निर्माण होतात. त्यांपैकी साधारण चार बंगालच्या उपसागरात व एक अरबी समुद्रात, असे प्रमाण दीर्घकालीन नोंदींतून दिसते. एकाच अक्षांशांत असलेल्या या दोन समुद्रांतील भेद पुढील कारणांनी स्पष्ट होतो.

पहिले कारण नद्यांचे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी व कृष्णा या नद्या उपसागरात प्रचंड गोडे पाणी आणतात. कमी क्षारतेचे हे हलके पाणी पृष्ठभागावर थरासारखे पसरते व खालचे थंड पाणी सहजासहजी वर येऊ देत नाही. परिणामी पृष्ठभाग उबदार राहतो. यवतमाळ जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा वर्धा, प्राणहिता व गोदावरीमार्गे याच उपसागराला मिळते, ही बाब येथे लक्षणीय आहे.

दुसरे कारण वाऱ्यांचे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वाहणारे जोरदार नैर्ऋत्य मोसमी वारे पाणी घुसळतात आणि सोमालिया व अरबस्तानच्या किनाऱ्यांलगत खोल, थंड पाणी वर आणतात. शिवाय अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवा मेघनिर्मितीला मारक ठरते.

तिसरे कारण बीजाचे. प्रशांत महासागर व दक्षिण चीन समुद्रातील वादळांचे अवशेष थायलंड-म्यानमार ओलांडून उपसागरात येतात व तेथे पुन्हा बळ धरतात. अरबी समुद्राला असा पुरवठा तुलनेने कमी मिळतो.

भर पावसाळ्यात मात्र दोन्ही समुद्रांत तीव्र चक्रीवादळे विरळ असतात. या काळात खालच्या थरात पश्चिमी व वरच्या थरात पूर्वेकडून येणारे वेगवान वारे असल्याने वादळाची वाढ खुंटते. म्हणूनच मोसमी पावसापूर्वीचा एप्रिल ते जूनचा प्रारंभ आणि नंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबर हे दोन काळ चक्रीवादळांचे मानले जातात.

मार्ग व किनाऱ्याची दिशा :

केवळ निर्मितीवरून किनाऱ्याचा धोका ठरत नाही. वादळ कोणत्या दिशेने जाते हेही तितकेच महत्त्वाचे असते. उष्ण कटिबंधात वादळे सामान्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे व वायव्येकडे सरकतात. त्यामुळे उबदार समुद्राच्या पश्चिम काठावरील, म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना ती अधिक वेळा भिडतात. फ्लोरिडाला वादळांचा तडाखा बसतो आणि कॅलिफोर्निया बहुतांशी सुटतो, त्याचे एक कारण हेच. थंड प्रवाह हे दुसरे. आंध्र, ओडिशा व तमिळनाडूचे किनारे असेच पूर्वाभिमुख आहेत. याउलट अरबी समुद्रातील वादळे कोकणाकडे पाठ करून ओमान-येमेनकडे जातात किंवा उत्तरेकडे वळून गुजरात गाठतात. २००७ चे ‘गोनू’ ओमानवर, तर २०२१ चे ‘तौक्ते’ व २०२३ चे ‘बिपरजॉय’ गुजरातवर आदळले.

कोकण बहुधा वाचतो, याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा नव्हे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ अलिबाग-मुंबई दरम्यान किनारा ओलांडून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळ-सुपारीच्या बागा उन्मळून पडल्या. एका दिवसात पडलेली बाग पुन्हा उभी राहण्यास अनेक वर्षे लागतात. २०१९ मध्ये तर अरबी समुद्रात एकाच वर्षी पाच चक्रीवादळे झाली. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २०१९ या कालखंडाच्या अभ्यासात या समुद्रातील चक्रीवादळांची संख्या व कालावधी वाढल्याचे दाखविले आहे. समुद्रपृष्ठाचे वाढते तापमान त्याच्याशी निगडित आहे.

वारंवारता व हानी :

आघातांची संख्या व हानीचे प्रमाण नेहमी जुळत नाही. उपसागराचे उत्तर टोक उथळ व नरसाळ्यासारखे निमुळते असल्याने वाऱ्याने ढकललेले पाणी तेथे उंच चढते. १९७० च्या ‘भोला’ चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः या पाण्यामुळे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये मात्र वेळीच केलेल्या स्थलांतरामुळे मृत्यूंची संख्या काही दहांपुरती मर्यादित राहिली. वादळाची वाट बदलता येत नाही, पण वाटेवरची माणसे हलविता येतात, हे यातून सिद्ध होते.

महागाव परिसरासाठी अर्थ :

जमिनीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटून वादळाचा वारा मंदावतो. पण पाऊस संपत नाही. उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पश्चिम-वायव्य दिशेने सरकताना विदर्भ अनेकदा त्यांच्या वाटेवर वा वाटेलगत येतो. अरबी समुद्रातील वादळांना मात्र येथे येण्यासाठी या प्रचलित दिशेच्या विरुद्ध प्रवास करावा लागतो, शिवाय सह्याद्रीही ओलांडावा लागतो. ‘गुलाब’चे अवशेष विदर्भ-मराठवाड्यावरून अरबी समुद्रात उतरले, तेथे ‘शाहीन’ या नावाने पुन्हा चक्रीवादळ बनले व ३ ऑक्टोबर २०२१ रोजी ओमानवर धडकले. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलेले व कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात. अशा वेळी आलेला पाऊस शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न हिरावतो.

समारोप :

उबदार समुद्र, अनुकूल वारे व किनाऱ्याची दिशा या तिहींच्या संयोगातून किनाऱ्याचे भवितव्य ठरते. आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ आल्यानंतर पूस-पैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस पोहोचेपर्यंत साधारण एक ते दोन दिवस मिळतात. भारतीय हवामान विभागाच्या पूर्वसूचनेमुळे हा अवधी आणखी वाढतो. काढलेले पीक झाकण्यास व पाण्याखालील पूल वाहतुकीस बंद करण्यास तो पुरेसा आहे. त्यामुळे ‘समुद्र आपल्यापासून दूर आहे’ हा समज दूर करून उपसागरातील घडामोडी वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे या भागातील महाविद्यालयांचे उपयुक्त कार्य ठरेल.