घोड्याच्या मानेवरचा वाद आणि आपला रिसर्च क्वेश्चन

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य जवळपास प्रत्येकाच्या कॉपीत असतं: ‘या विषयावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, म्हणून प्रस्तुत संशोधनाची गरज आहे.’ मीही लिहिलं होतं. माझ्या गाइडनी त्याखाली लाल पेनाने रेघ मारून एवढंच विचारलं, “मतभेद नेमका कशावर?” मला सांगता आलं नाही. दोन बाजू काय म्हणतात ते पाठ होतं, पण त्या एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत का, हे मी तपासलंच नव्हतं.

आज हाच मुद्दा समजून घेऊ. उदाहरण मुद्दाम आपल्यापैकी बहुतेकांच्या विषयापासून लांबचं घेतलंय, म्हणजे आधीपासून कुणाची बाजू घेतलेली नसेल. वाद आहे घोड्यांच्या प्रशिक्षणाचा, आणि त्यातही घोड्याच्या मानेचा.

आधी खेळ समजून घेऊ

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. या खेळात शर्यत नसते, उड्या नसतात. 20 बाय 60 मीटरच्या आखाड्यात घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतो: साधी चाल, दुडकी, कॅन्टर, आणि वरच्या पातळीवर पियाफ, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी केलेली दुडकी. प्रत्येक हालचालीला परीक्षक 0 ते 10 गुण देतात.

म्हणजे इथे निकाल घड्याळ देत नाही, डोळे देतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा नियम सांगतो की घोड्याची मान उंच आणि कमानदार असावी, आणि कपाळापासून नाकापर्यंतची रेषा साधारणपणे उभ्या लंब रेषेच्या किंचित पुढे असावी. काही प्रशिक्षक मात्र सरावात घोड्याची मान इतकी वळवून घेतात की हनुवटी छातीजवळ येते. नाकाची रेषा लंब रेषेच्या बरीच मागे जाते. याला जर्मन भाषेतून आलेलं नाव आहे ‘रोलकूर’. वाद इथूनच सुरू होतो.

दोन बाजू

समर्थक म्हणतात की हा एक प्रकारचा व्यायाम आहे. मान खाली आणि आत घेतली की पाठीचे स्नायू ताणले जातात, पाठ वर उचलली जाते, घोडा लवचीक होतो. शिवाय त्यांच्याकडे मोठं नाव आहे. नेदरलँड्सच्या आंकी व्हान ग्रुन्सव्हेन यांचा सराव याच शैलीसाठी ओळखला जायचा, आणि त्यांनी 2000, 2004 आणि 2008 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं.

विरोधकांमध्ये जर्मन पशुवैद्य गेर्ड हॉयशमान यांचं नाव पुढे येतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा सरावाने घोड्याची पाठ मोकळी होण्याऐवजी ताठ होते. पुढचे पाय उंच फेकले जातात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण मागचे पाय आणि पाठ त्या हालचालीत सामीलच नसतात. त्यात मान जास्त वळली की घशाजवळचा श्वासमार्ग अरुंद होतो, तो त्रास वेगळाच.

2006 मध्ये महासंघाने यावर तज्ज्ञांची कार्यशाळा घेतली. 2009 मध्ये एका स्पर्धेच्या सरावाचा व्हिडिओ पसरला, त्यात घोड्याची जीभ निळसर दिसत होती. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. फेब्रुवारी 2010 मध्ये लोझानला पुन्हा बैठक झाली.

शब्दाचा घोळ

त्या बैठकीतून निघालेला निर्णय संशोधनाच्या विद्यार्थ्याने नीट वाचावा असा आहे. महासंघाने सांगितलं की आक्रमक जोर लावून मान वळवणं म्हणजे रोलकूर, आणि ते मान्य नाही. पण अवाजवी जोर न लावता घोड्याला ‘लो, डीप अँड राउंड’ अवस्थेत आणणं मान्य आहे.

काय झालं बघा. लोक भांडत होते मानेच्या कोनावरून. व्याख्या केली गेली जोरावरून. कोन व्हिडिओवर मोजता येतो, पण ‘अवाजवी जोर’ सरावाच्या मैदानाबाहेर उभा राहून मोजायचा कसा? एकच फोटो एका बाजूने ‘रोलकूर’ म्हणून दाखवायचा आणि दुसऱ्या बाजूने ‘लो, डीप’ म्हणून.

तुम्ही म्हणाल, लगामाला सेन्सर लावू. लावतातही. पण एक शक्यता विचारात घ्या: ओढ बसली की मान आत घ्यायची, मग ओढ थांबते, हे घोडा आधीच शिकलेला असेल, तर आज सेन्सरवर आकडा कमीच दिसेल. तो आकडा आजचा ताण सांगतो, शिकवताना काय झालं ते सांगत नाही. आपण ज्याला व्हेरिएबल म्हणतो तो आपल्याला हव्या त्या गोष्टीचाच आहे का, हा प्रश्न इथे येतो. व्हॅलिडिटीची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक उदाहरण डोक्यात ठेवा.

मोजायला गेल्यावर

आता तीन अभ्यास बघू. तिघांचा प्रश्न वरवर एकच: या अवस्थेत घोड्याला त्रास होतो का?

पहिला, 2006 मधला. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरात होणाऱ्या बदलांवरून ताण मोजला. रोलकूर वापरून तयार केलेल्या अव्वल घोड्यांची तुलना हौशी स्वारांच्या घोड्यांशी केली. निष्कर्ष: सरावानंतर अव्वल घोड्यांमध्ये ताण कमी. समर्थकांना हे हवंच होतं. पण थांबा. या दोन गटांत फक्त मानेचा फरक आहे का? अव्वल घोडा जास्त तंदुरुस्त, त्याचा स्वार जास्त कुशल, निगा वेगळी, निवडही वेगळी. फरक मानेमुळे की बाकी सगळ्यामुळे, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. कन्फाउंडिंग म्हणतात ते हेच.

दुसरा, 2014 मधला, डेन्मार्कमधला. इथे 15 घोडे घेतले आणि प्रत्येक घोड्याला तिन्ही अवस्थांमध्ये चालवलं. म्हणजे घोड्याची तुलना त्याच्या स्वतःशीच. ‘लो, डीप अँड राउंड’ अवस्थेत चालवल्यावर लगेच घेतलेल्या लाळेच्या नमुन्यात कॉर्टिसोल जास्त आढळलं. घोड्यांची संख्या लहानच, पण रचना बदलल्यामुळे पहिल्या अभ्यासातली मोठी अडचण गेली.

तिसरा, 2009 मधला, माझा आवडता. संशोधकांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट तयार केली. एका फाट्याने गेलं की पुढे थोडा वेळ रोलकूरमध्ये चालवायचं, दुसऱ्या फाट्याने गेलं की नेहमीच्या अवस्थेत. आधी दोन्ही बाजूंची आलटून पालटून सवय करून दिली आणि मग निवड घोड्यावर सोडली. 15 पैकी 14 घोड्यांनी नेहमीच्या अवस्थेकडे नेणारा फाटा लक्षणीयरीत्या जास्त वेळा निवडला.

या सगळ्या वादात स्वार, प्रशिक्षक, परीक्षक, पशुवैद्य, प्रेक्षक असे सगळे बोलत होते. ज्याची मान वळत होती त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं. या प्रयोगाने त्याला उत्तर द्यायची सोय करून दिली, तेही महागड्या यंत्राशिवाय.

तरी वाद संपला का? नाही. प्रयोगात मान जबरदस्तीने वळवली होती. त्यामुळे दुसरी बाजू म्हणू शकते, “ते रोलकूर झालं, आम्ही करतो ते वेगळं.” गाडी परत व्याख्येवर आली. म्हणून सांगतोय, डेटा कितीही चांगला असला तरी व्याख्या ढिली असेल तर प्रत्येक निष्कर्षातून निसटायला वाट राहते.

‘पण जिंकतात ना!’

समर्थकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा म्हणजे पदकं. इथे परीक्षकांच्या डोळ्यांकडे परत येऊ. 1992 आणि 2008 च्या अव्वल स्पर्धांमधल्या घोड्यांच्या मानेची तुलना करणारा एक अभ्यास झाला आहे. 2008 मध्ये काही चालींत नाकाची रेषा लंब रेषेच्या मागे जास्त वेळा आढळली, आणि त्यासाठी गुण कापले गेल्याचं दिसलं नाही. म्हणजे नियम एक सांगतो आणि गुण दुसरंच सांगतात. ज्याला गुण मिळतात तेच प्रशिक्षक शिकवणार. मग ‘ही पद्धत जिंकते’ हा पद्धत चांगली असल्याचा पुरावा राहत नाही. तो फक्त परीक्षकांना काय आवडतं याचा पुरावा होतो. आणि त्याच पद्धतीने तयार होऊन न जिंकलेले घोडे तर आपल्या नजरेसमोर येतच नाहीत.

चालीबद्दलही असंच. 2009 मध्ये टोटिलास या काळ्या घोड्याने ड्रेसाजच्या फ्रीस्टाइलमध्ये 90 टक्क्यांच्या वर गुण मिळवून विक्रम केला. त्याचे उंच उचललेले पुढचे पाय बघून लोक वेडे झाले, आणि काही जुन्या प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. एकाच घोड्याची एकच चाल, पण एकाला त्यात कौशल्य दिसलं, दुसऱ्याला दिखावा.

कॅमेरा किती वाद मिटवतो?

काही वाद खरंच मिटतात. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर 19 व्या शतकात चर्चा चालायची. 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले. सुटतात, हे सिद्ध झालं. शिवाय चित्रकार दाखवायचे तसे पाय पुढेमागे पसरलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात. विषय संपला, कारण प्रश्न ‘काय घडतं’ एवढाच होता.

आपल्या वादात मात्र तीन प्रश्न एकात एक अडकलेत:

1. काय घडतं? मानेचा कोन किती, किती वेळ, लगामावर ओढ किती.
2. त्याचा परिणाम काय? ताण, श्वास, पाठीची हालचाल.
3. किती चालवून घ्यायचं? खेळासाठी घोड्याला किती त्रास दिलेला चालेल, आणि सुंदर चाल कशाला म्हणायचं.

पहिल्याचं उत्तर कॅमेरा देतो. दुसऱ्याचं प्रयोग देतो, रचना नीट असेल तर. तिसऱ्याचं उत्तर कुठलंच यंत्र देणार नाही. ते समाजाने आणि खेळाच्या संघटनांनी ठरवायचं असतं. कॉर्टिसोल इतकं वाढलं, हे आपण सांगू शकतो. ‘इतकं’ म्हणजे ‘फार’ का, हे सांगताना आपण संशोधकाच्या खुर्चीतून उठून नागरिकाच्या खुर्चीत बसलेलो असतो. बसायला हरकत नाही, पण खुर्ची बदलली हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

व्याख्या मोजता आली की काय फरक पडतो, याचंही उदाहरण याच खेळात आहे. घोड्याच्या नाकावरचा पट्टा किती आवळावा याचा जुना दंडक आहे: पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. कुणाची बोटं, हा प्रश्न होताच. मग ठरावीक मापाची निमुळती पट्टी वापरून 750 घोडे तपासले गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन बोटांइतकी जागा फक्त 7 टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली मिळाली, आणि 44 टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली एकाही बोटाएवढी जागा नव्हती. यानंतर ‘पट्टे घट्ट असतात का’ यावर भांडण्यात अर्थ उरला नाही. प्रश्न पुढे सरकला: मग करायचं काय?

आता तुमचा सिनॉप्सिस काढा

‘मतभेद आहेत’ हे वाक्य शोधा आणि त्याखाली चार ओळी लिहा. दोन्ही बाजू तोच शब्द त्याच अर्थाने वापरतात का? वाद वरच्या तीनपैकी कुठल्या प्रश्नावर आहे? मी जे मोजणार आहे ते वादातल्याच गोष्टीचं माप आहे का? आणि माझा निकाल विरुद्ध आला तर एखादी बाजू ‘आम्ही ते म्हणतच नव्हतो’ असं म्हणून निसटू शकते का?

सराव करायचा असेल तर डिसेंबरमध्ये दत्त जयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे जा. रेवाल चालीच्या घोड्याला तिथे मोठा मान असतो. चांगली रेवाल म्हणजे काय, हे तीन वेगवेगळ्या जाणकारांना विचारा आणि उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहून घ्या. तिघे एकच शब्द वापरतील. तिघे एकाच चालीबद्दल बोलत आहेत का, हे शोधून काढण्यात तुमच्या संशोधनाची सुरुवात आहे.