निकालाचा दिवस आणि आजोबांच्या शाळेचा दाखला

मे महिना उजाडला की आमच्या वस्तीत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक बुद्धपौर्णिमेच्या खिरीची आणि दुसरी निकालाची. पौर्णिमेची वर्गणी गोळा करता करता कोणी माउली हळूच विचारते, "भाऊ, निकाल कधी लागणार म्हणता?" आम्ही कचेरीत कारकुनी करतो, त्यामुळे सरकारची सगळी खबर आम्हाला असते असा वस्तीचा समज आहे. तारखा पुढेमागे होतात. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी लागला. आमच्या वेळी जून उजाडायचा. तेवढे पंधरा-वीस दिवस जास्त जीव टांगणीला.

आता निकाल मोबाइलवर दुपारी एक वाजता लागतो. सीट नंबर आणि आईचे नाव टाकले की गुण समोर येतात. आईचे नाव विचारले जाते हे आम्हाला मोठे बरे वाटते. ज्या माउलीने पहाटे चारला उठून पाणी भरले आणि मुलाला दिव्याखाली बसवले, तिच्या नावाशिवाय निकाल उघडतच नाही! मात्र एक वाजता सारा महाराष्ट्र एकाच वेळी तुटून पडतो, पडद्यावर नुसते चाक फिरत राहते. विहाराच्या ओट्यावर आठ-दहा पोरे, त्यांच्यामागे आया, आणि सगळ्यांची नजर त्या चाकावर.

आमच्या निकालाची गोष्ट सांगायला हरकत नाही. १९९८ साली आम्ही बारावी कॉमर्सला बसलो आणि बुककीपिंगमध्ये नापास झालो. गुणपत्रिका कॉलेजात रांगेत उभे राहून घ्यावी लागे. ती घेतली, चार घड्या घालून खिशात कोंबली आणि घरी न जाता दादरला चैत्यभूमीवर जाऊन बसलो. समोर समुद्र होता. मनात काय काय आले ते इथे लिहीत नाही, पण चांगले नव्हते एवढे सांगतो. संध्याकाळी सातच्या सुमारास वडील शोधत आले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. "दुसरीकडे कुठे जाशील तू?" एवढेच म्हणाले. दोन वडापाव घेतले, एक आमच्या हातात दिला आणि विचारले, "ऑक्टोबरची परीक्षा किती तारखेला असते?" त्यांनी गुणपत्रिका मागितली नाही. पुढे आम्ही ऑक्टोबरला सुटलो, सकाळच्या कॉलेजातून बीकॉम झालो, नोकरीला लागलो. पण त्या संध्याकाळी वडिलांच्या जागी दुसरे कोणी असते, 'शेजारच्या पोराला बघ' म्हणणारे, तर हा मजकूर लिहायला आम्ही असतो की नाही, कोण जाणे.

म्हणून आमचे माता-पित्यांना कळकळीचे सांगणे आहे. निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका. कामावर खाडा झाला तरी चालेल. आता नापास झालेल्याला ऑक्टोबरपर्यंतही थांबावे लागत नाही. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा पावसाळ्यातच होते. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येते. गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मूल गप्प गप्प झाले, जेवेनासे झाले, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा फुकट नंबर आहे, रात्री-बेरात्रीही लागतो. तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. वेड्यांचा नंबर म्हणून नाक मुरडू नका.

आणि टक्क्यांचे म्हणाल तर पूज्य बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबात अडतीस टक्केसुद्धा होत नाहीत. तरी लोकांनी त्यांचा सत्कार केला, सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. याच गुरुजींनी पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या वस्तीत नव्वद टक्केवाल्यांचे बॅनर लागतात, लागू द्यात, पण पंचेचाळीस टक्के मिळवून पास झालेल्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीचेही नाव विहारात वाचले जावे असा ठराव आम्ही दोनदा मांडला. दोनदा बारगळला. तिसऱ्यांदा मांडणार आहोत.

असो. निकालाची वाट पाहणे एक दिवसात संपते. खरी वाट पाहणे त्यानंतरचे, प्रवेशाचे. २०२५ च्या उन्हाळ्यातली आमच्या गल्लीतली हकिकत ऐका. मुलगी बारावी सायन्सची, वडील रिक्षा चालवतात. तिने सीईटी दिली होती, इंजिनिअरिंगला जायचे होते. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की जातीचा दाखला आहे, पण पडताळणीचे प्रमाणपत्र नाही. कॉलेजने अकरावीतच सूचना लावली होती म्हणे. पोरीने घरी सांगितले, बापाने 'बघू' म्हटले, आणि 'बघू'त दीड वर्ष गेले. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर हा कागद लागतो. अर्जाची पावती जोडून फेरीत भाग घेता येतो खरा, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर नाव खुल्या प्रवर्गात जाते आणि हातची जागा जाऊ शकते.

आता आपली, म्हणजे बौद्धांची, खास अडचण बघा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मुलीच्या दाखल्यावर 'बौद्ध', बापाच्या दाखल्यावर 'बौद्ध', आजोबा तर शाळेतच गेले नाहीत. १९५६ नंतर आपल्या माणसांनी अभिमानाने जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले, ते योग्यच केले. राज्याच्या सवलती नवबौद्धांना आधी मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालचा कायदा यावा लागला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तरी पुरावा मागताना तुम्ही आधी कोण होतात हेच विचारले जाते.

मुलीचे वडील आणि आम्ही शनिवारची रजा टाकून त्यांच्या कोकणातल्या गावी गेलो. निघताना आजी दारात उभी. म्हणाली, "ज्या नावाला तुझ्या बापानं पाण्यात सोडलं, तेच उचलायला चाललास व्हय रे?" रिक्षावाला बाप खाली मान घालून उभा. आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही. एवढेच म्हणालो, "आजी, नाव उचलायला नाही, त्या नावापायी जे हिरावलं त्याची पावती आणायला चाललो आहोत." बोललो खरे, पण एसटीत बसल्यावरही तिचा तो प्रश्न मनातून जाईना.

गावच्या शाळेतले गुरुजी भले माणूस. त्यांनी कपाट उघडले, जुने जनरल रजिस्टर काढले, तर वाळवीने नेमकी चाळीस-पन्नासच्या काळातली पाने खाल्लेली! एका चुलत आजोबांचे नाव अर्धवट दिसत होते, जातीचा रकाना गायब. गुरुजींनीच सांगितले की तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक बघा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, जातीसकट. सोमवारी तहसील गाठली. अर्ज, कोर्ट फी स्टँप, थांबा, उद्या या. (कारकून या नात्याने सांगतो, 'उद्या या' म्हणणाऱ्याच्या टेबलावर कधी कधी खरोखर ढीग असतो. पण 'कोणत्या वेळी येऊ?' हे विचारून, त्याच्यासमोर लिहून घ्यावे.) दुसऱ्या दिवशी नोंद सापडली, पण ती मोडीत. मोडी वाचणारा जाणकार शोधला, लिप्यंतर करून घेतले. पणजोबांचे नाव, 'मुलगा झाला', आणि पुढे तो शब्द. आजोबांची जन्मनोंद. शाळेत न गेलेल्या माणसाची सरकारदरबारी तेवढीच एक खूण. बाप तो कागद हातात धरून बराच वेळ उभा राहिला.

मग वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, अर्ज, पावती. पहिल्या फेरीत मुलीला काही मिळाले नाही. रोज संध्याकाळी पोरगी मोबाइल घेऊन आमच्याकडे, "काका, मेसेज नाही आला." दुसऱ्या फेरीत कॉलेज मिळाले, तिला हवी ती शाखा नाही मिळाली. पसंतीक्रम भरताना घाईत वर-खाली झाले होते, त्यात आमचीही चूक आहे. ज्यांची मुले यंदा अर्ज भरणार आहेत त्यांनी यादी आधी कागदावर लिहावी आणि दोघातिघांना दाखवावी. अकरावीचेही तसेच. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तिथे जावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. तेव्हा मित्राने भरले म्हणून आपण भरू नये.

प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये, मुदतीच्या आत आले. मुलीचे कॉलेज सुरू झाले. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला. जी मुले गाव सोडून शिकायला येतात आणि ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज जरूर करावा. २०१६-१७ पासून ही योजना आहे, मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. पैसे उशिरा येतात, हेही सांगून ठेवतो.

आजीने त्या कोतवाल बुकाच्या नकलेला प्लॅस्टिकचे कव्हर घालून घेतले आहे. आम्हाला म्हणाली, "वाचून दाखवा एकदा." आम्ही वाचले. नवऱ्याच्या जन्माची तारीख तिला इतक्या वर्षांनी कळली. जातीचा शब्द आला तेव्हा तिने हाताने थांबवले आणि पुढचे वाच म्हणाली.

मुलीचा धाकटा भाऊ आता दहावीला आहे. बहिणीचे प्रमाणपत्र असल्याने त्याचे काम सोपे जाईल, तरी बापाने फाइल आतापासूनच आमच्याकडे आणून दिली आहे. त्याच्या सीट नंबरची चिठ्ठी हाती आली की ती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवायची, असे आजीने जागेसकट ठरवून ठेवले आहे.