एका मनोऱ्याचे कॅथेड्रल

गोव्याहून परतलेल्या मंडळींना जुन्या गोव्यात काय पाहिलेत म्हणून विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. "झेवियरची पेटी पाहिली!" बॉम जेझू चर्चमधील ती चांदीची पेटी पाहून मंडळी बाहेर येतात. रस्त्याच्या पलीकडे एक भली थोरली पांढरी वास्तू उभी असते. तिच्या हिरवळीवर फोटो निघतात, मुले आइस्क्रीम खातात आणि मोटार मंगेशीच्या वाटेला लागते. त्या पांढऱ्या वास्तूचे नाव से कॅथेड्रल. मराठी माणसाने तिला निदान तासभर तरी द्यावा असे मला वाटते, आणि त्याला कारणेही तशीच आहेत.

आधी शब्दाचा उलगडा करू. मास्तरकीची सवय सुटता सुटत नाही! पोर्तुगीज भाषेत 'से' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. आपण 'शंकराचार्यांचे पीठ' म्हणतो, त्यातल्यासारखाच हा अर्थ. आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे संत कॅथरीनचा सण. म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचे. बांधकाम १५६२ साली सुरू झाले आणि १६१९ च्या सुमारास पुरे होत आले. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भागाची उंची ११५ फूट. दगड मात्र आपला कोकणचा जांभाच, वर चुन्याचा गिलावा. साम्राज्य लिस्बनचे असले तरी भिंत उभी राहिली ती इथल्या मातीच्याच पोटातल्या दगडाने!

दाराशी आपली मंडळी क्षणभर घुटमळतात. हात सवयीने चपलेकडे जातो आणि इतर लोक पादत्राणांसकट आत जाताना पाहून मागे येतो. आत मात्र आवाज आपोआप खाली उतरतो. प्रचंड खांब, उंच छत, दोन्ही बाजूंना छोटी देवघरे शोभावीत अशी चॅपेल्स, आणि समोर सोन्याच्या मुलाम्याने झळकणारी मुख्य वेदी. तिच्यावर कॅथरीनच्या जीवनातील आणि हौतात्म्यातील प्रसंग कोरलेले आहेत. जवळ जाऊन सावकाश पाहावे. आपण देवळाच्या मंडोवरावरची शिल्पे एकेक करून वाचतो, तशीच ही कथाही वाचता येते.

बाहेर आल्यावर आमच्या धाकट्या चिरंजीवांनी एक प्रश्न टाकला. "बाबा, दुसरा मनोरा बांधायचा राहिला का?" राहिला नव्हे, पडला. मनोरे दोन होते. त्यांतला एक १७७६ साली कोसळला आणि पुन्हा कोणी उभारला नाही. उभारणार कोण? रोगराईने जुने गोवे तोवर ओस पडत चालले होते. राज्यकर्त्यांनी पणजीकडे मुक्काम हलवला होता. पूर्वेकडची वैभवशाली राजधानी म्हणून मिरवलेल्या शहरात चर्चे उरली आणि माणसे गेली.

उरलेल्या मनोऱ्यात एक मोठी घंटा आहे. तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात, ती धातूमुळे नव्हे, नादामुळे. हा नाद फार गोड आहे खरा. पण तो ऐकताना एक गोष्ट विसरता येत नाही. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली बसले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले. त्याचा वाडा याच परिसरात होता, आणि त्याच्या शिक्षा जाहीर होत तेव्हा हीच घंटा वाजे असे सांगतात. सोळाव्या शतकात तिसवाडीतली आणि साष्टीतली देवळे पडली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा रातोरात नदी ओलांडून अंत्रूज महालात गेली, ती तिथेच राहिली. १६८४ साली तर इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूमही निघाला. या गोष्टींवर गिलावा चढवून वेदीच्या सोन्याकडे पाहणे काही खरे पाहणे नव्हे.

पण गोष्ट इथे संपत नाही. कॅथेड्रलचे काम चालू असतानाच, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. इथली भाषा तो शिकला, नव्हे तिच्या प्रेमात पडला. आपली जुनी पुराणे गमावलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. मराठीची त्यात केलेली स्तुती आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या १६१९ साली कॅथेड्रलचे काम पुरे होत आले, त्याच साली हा पाद्री वारला. सत्तेला लोकांनी आपली बोली सोडायला हवी होती. तिच्याच एका पाद्र्याला मात्र आपला देव सांगायला ज्ञानोबा-एकनाथांची ओवीच घ्यावी लागली!

आणि उलटही घडले. से कॅथेड्रल पाहून झाल्यावर मंगेशी आणि कवळे अवश्य पाहावे, आणि याच क्रमाने पाहावे. त्या देवळांवरचे घुमट, कमानदार खिडक्या, सभामंडपातली काचेची झुंबरे पाहिलीत की डोळ्यांत चटकन ओळख उमटते. ज्यांनी देव हलवायला लावले, त्यांच्याच बांधणीची वळणे त्या देवांच्या नव्या घरांनी घेतली आहेत. मनातला राग कारागिराच्या हातापर्यंत पोहोचला नाही, असेच म्हणावे लागेल.

जाता जाता कॅथेड्रलच्या शेजारचे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालयही चुकवू नका. जुन्या गोव्यातले वीरगळ आणि भंगलेल्या देवमूर्ती तिथे आहेत. पोर्तुगीज गव्हर्नरांची आणि व्हाइसरॉयांची तैलचित्रेही तिथेच आहेत. एकाच छपराखाली हारलेले आणि जिंकलेले दोघेही आता सारख्याच शांतपणे राहतात.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९८६ साली युनेस्कोने इथल्या चर्चांना जागतिक वारशाचा मान दिला. वारसा म्हटला की त्यातले दागिने तेवढे घेऊन कर्ज नाकारता येत नाही. या पांढऱ्या भिंतींसमोर उभे राहताना वेदीचे सोने, हद्दपार झालेले देव आणि क्रिस्तपुराणातली ओवी या तिन्हींची आठवण एकदमच ठेवावी. मुलांना इतिहास शिकवायला याहून चांगला वर्ग मला तरी ठाऊक नाही. यंदाच्या सुट्टीत गोव्याचा बेत असेल, तर समुद्रातला एक तास कमी करा आणि तो इथे द्या.