न्यायमूर्तींचा पगार कोण ठरवतं?

सरकारविरुद्धचा खटला ज्याच्यापुढे चालतो, त्याच्या पगाराची दोरी सरकारच्या हातात असून चालणार नाही. घटनाकारांनी ही काळजी नेमकी घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन अनुच्छेद १२५ नुसार आणि उच्च न्यायालयांचं २२१ नुसार संसद कायदा करून ठरवते. नेमणूक झाल्यावर भत्ते, रजा, निवृत्तिवेतन यांत न्यायमूर्तींचं नुकसान होईल असा बदल करता येत नाही. अपवाद एकच. आर्थिक आणीबाणीत पगारकपात होऊ शकते, पण अशी आणीबाणी आजवर एकदाही लागलेली नाही.

दुसरं कवच अर्थसंकल्पात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा पगार राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो, म्हणजे विधानसभेत त्यावर चर्चा होते, मतदान नाही. निवृत्तिवेतन मात्र भारताच्या एकत्रित निधीतून येतं.

पण आकडा कमी न करताही पगार घटतो, महागाईमुळे. सरन्यायाधीशांचे १९५० मधले दरमहा ५,००० रुपये १९८६ पर्यंत तेवढेच राहिले! ५४व्या घटनादुरुस्तीने ते १०,००० झाले. २०१८ च्या कायद्याने, १ जानेवारी २०१६ पासून, सरन्यायाधीशांना २,८०,००० आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना २,२५,००० रुपये मिळतात. छत्तीस वर्षांची ती दिरंगाई मला गंभीर वाटते.

तालुका-जिल्हा न्यायाधीशांना यातलं घटनात्मक संरक्षण नाही. त्यांची वेतनवाढ न्यायिक वेतन आयोग आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश यांतूनच झाली, आणि सामान्य माणसाचा खटला बहुधा त्यांच्यापुढेच उभा राहतो.