वॉकथ्रूमधलं सफाळे

२०१३ साली लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि सफाळे, पालघर, बोईसर इथली घरं मुंबईच्या नोकरदाराच्या हिशेबात आली. आता जागेवर पाऊल पडण्याआधीच तो मोबाइलवरच्या वॉकथ्रूमधून, म्हणजे संगणकाने रचलेल्या घराच्या फेरफटक्यातून, किंवा बिल्डरच्या ऑफिसात आभासी दृश्यं दाखवणारा व्हीआर चष्मा लावून आपल्या भावी हॉलमधून फिरून येतो. फरशीवरचं ऊन, गॅलरीसमोर तांदुळवाडीचा डोंगर, सगळं इतकं हुबेहूब की विचारायचं काही उरत नाही. गोम तिथेच आहे. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या संशोधकांनी १९९६ साली पन्नासहून अधिक वास्तुरचनाकार आणि विद्यार्थ्यांना एकाच इमारतीची वेगवेगळ्या धाटणीची चित्रं दाखवली. सुरुवातीच्या टप्प्यासाठी हाताने काढल्यासारखं कच्चं रेखाटन सरस ठरलं, कारण त्यावर बोलता येतं, बदल सुचवता येतात. गुळगुळीत चित्रापुढे माणूस फक्त मान डोलावतो.

बरं, हुबेहूब चित्रातून माप तरी नीट कळावं? युटा विद्यापीठात विल्यम थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकच जागा चष्म्यातून तीन प्रकारे दाखवली: छायाचित्र, साधं संगणकचित्र आणि नुसत्या रेषांचा सांगाडा. तिन्हींत लोकांनी अंतर कमीच आजमावलं, चित्राच्या दर्जाने फारसा फरक पडला नाही. मग खोली लहानच भासेल, गिऱ्हाइकाचं काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. पण मोबाइलवरचा वॉकथ्रू ही वेगळी चीज. तिथे रुंद कोनाचा कॅमेरा दहा फुटी खोली ऐसपैस करतो, आणि पलंग आखूड काढला असेल तर मोजतो कोण? मिनेसोटात व्हिक्टोरिया इंटरँट यांच्या २००६ च्या प्रयोगात मात्र लोक ज्या खोलीत होते तिचीच प्रतिकृती त्यांना चष्म्यातून दाखवली, तेव्हा अंदाज जवळपास बरोबर आले. नजरेला ओळखीच्या जागेचा आधार लागतो. न पाहिलेल्या सफाळ्यातल्या न बांधलेल्या फ्लॅटला तो कुठून मिळणार?

घरखरेदीदारांच्या रक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. हे संरक्षण मोलाचं आहे, पण ते खोट्या विधानाला लागू पडतं. न दाखवलेल्या गोष्टीचं काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात बोईसरलगतचा तारापूरचा औद्योगिक पट्टा देशात सर्वांत प्रदूषित ठरला होता. बोईसरच्या वॉकथ्रूत मात्र आभाळ कायम निळं असतं, आणि जुलैतला पाऊस तर कुठल्याच चित्रात पडत नाही. मंजूर नकाशे मात्र महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहता येतात. त्यातली मापं टिपून घेऊन आपल्या राहत्या खोलीत खडूने आखली, तर पलंग आणि कपाटाच्या मधून दार उघडतं का, ते चष्म्याविना कळतं.