जसे रान तसा वाण, जसे इंजिन तसा प्लग



शेतकी विभागाच्या पानावर या वेळी उसाऐवजी मोटारीचा स्पार्क प्लग पाहून काहींना नवल वाटेल. पण त्याला कारण आहे. गटात फिरताना आता पुष्कळ वस्त्यांवर छोटी मोटार उभी दिसते. कित्येक सभासदांची मुले अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला नोकरीधंद्याला आहेत. सणाला, लागणीला, तोडणीला तीही गाडी घेऊन गावी येतात. मग बोलणे निघते की गाडी सकाळी लवकर धरत नाही, घाटात दम खाते, मधूनच मिसिंग करते. चार माणसे चार सल्ले देतात आणि शेवटी सगळे एकच म्हणतात, "प्लग बदलून टाक." कोणता घालायचा, जुना का गेला आणि बदलायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. ते थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ट्रॅक्टरला नसलेला भाग

आपला ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्याला स्पार्क प्लग नसतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. पेट्रोलचे तसे नाही. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण नेमक्या क्षणी ठिणगी टाकून पेटवावे लागते. हे काम प्लगचे. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट, पण कॉइलमधून तो हजारो व्होल्टपर्यंत चढवला जातो आणि प्लगच्या टोकाशी असलेल्या एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटीतून वीज उडी मारते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला १,५०० वेळा ठिणगी द्यावी लागते. एवढे काम करणारी ही वस्तू साध्या जातीची असेल तर शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

साखरवाल्यांनी काढलेली मोटार

मुंबईच्या उपनगरांचे आणि छोट्या मोटारीचे नाते जुने आहे आणि त्यात ऊसकरी माणसाला अभिमान वाटावा असा एक धागा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगरही त्यांचेच. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तिथे फियाट तयार होऊ लागली. १९७४ साली तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १,०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन, म्हणजे प्लग चार. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने कित्येक वर्षे काढली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

पद्मिनीला कार्ब्युरेटर होता. मिश्रण थोडे जाड झाले की प्लगवर काजळी धरायची. त्यामुळे टॅक्सीवाले स्वतःच प्लग काढत, साफ करत, फट तपासत आणि परत बसवत. आजच्या गाड्यांत इंजेक्शन आले, काजळी कमी झाली, प्लग जास्त टिकू लागला. पण त्याबरोबर मालकाची प्लग काढून बघण्याची सवयही गेली. ती परत लावून घेतली पाहिजे.

गरम प्लग आणि थंड प्लग

आता निवडीचे बघू. भारी काळ्या रानात साधणारा वाण माळाच्या मुरमाड रानात साधेलच असे नाही. चोपण रानाला आपण को.एम. ०२६५ सुचवतो, ते रान बघूनच. प्लगचेही असेच आहे. दोन प्लग बाहेरून सारखे दिसतात, आटेही सारखेच असतात, पण आतून एक 'गरम' असतो आणि दुसरा 'थंड'. गरम प्लग आपली उष्णता हळूहळू सोडतो, थंड प्लग ती लवकर इंजिनच्या हेडकडे देतो.

प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. मात्र ते ८५०-९०० अंशांच्या पुढे गेले, तर टोकच निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवते. असे वारंवार झाले की पिस्टनला भोक पडू शकते. म्हणजे प्लगने या दोन हद्दींच्या मध्ये राहायला हवे.

मुलाची गाडी रोज लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड मुंगीच्या पावलाने चालते. इंजिन पुरते तापत नाही आणि टोकावर काजळी धरते. अशा वेळी एखादा दुकानदार सांगतो, "जरा गरम प्लग घाला, काजळी धरणार नाही." हा सल्ला ऐकू नये. कारण तीच गाडी दिवाळीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढणार आहे. शहराच्या गर्दीत बरा चाललेला गरम प्लग तिथे हद्दीबाहेर तापेल. कंपनीने शहर, घाट, उन्हाळा, ओझे या सगळ्यांचा विचार करूनच प्लगचा नंबर ठरवलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच नंबर घ्यावा. काजळी धरत असेल तर कारण शोधावे, प्लगची जात बदलू नये.

नंबर वाचतानाही जपावे. एन.जी.के. आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशच्या आजच्या आकड्यांत उलटे आहे, आकडा वाढला की प्लग गरम. एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेतला तर फसगत ठरलेली. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचाच असेल तर जुळणीचा तक्ता बघून घ्यावा.

आट्यांची लांबीही महत्त्वाची आहे. लांब प्लग बसवला तर तो पिस्टनवर आपटू शकतो. आखूड बसवला तर उरलेल्या आट्यांत काजळी भरते आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसत नाही.

साध्या निकेल टोकाचा प्लग गाडीप्रमाणे साधारण १५ ते ४० हजार किलोमीटर चालतो. इरिडियमचा प्लग ८० हजार ते एक लाखापर्यंत जातो, पण किंमत कित्येक पटींनी जास्त. गाडीला मुळात निकेलचा असेल आणि चालणे थोडे असेल, तर महागाच्या मागे लागण्याचे कारण नाही. मुळात इरिडियमचा असेल तर मात्र बचत म्हणून साधा घालू नये. बाजारात नकली मालही असतो. बंद खोक्यातला माल पावतीनेच घ्यावा.

जुना प्लग टाकण्याआधी वाचा

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. लोह कमी आहे, पाणी साचले आहे की हुमणी लागली आहे, ते आधी बघतो. जुना प्लगही असाच बघावा.

टोक फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर इंजिनाची तब्येत चांगली, प्लग फक्त झिजला आहे. कोरडी काळी काजळी असेल तर हवेचा फिल्टर चोंदला आहे का, मिश्रण जाड आहे का, ठिणगी अशक्त आहे का ते बघावे. ओले, तेलकट काळे असेल तर इंजिनात ऑइल चढते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असतील, तिथे नवा प्लग फार दिवस टिकणार नाही. टोक पांढरे, फोड आल्यासारखे असेल तर इंजिन जास्त तापते आहे किंवा प्लगची जात चुकली आहे. नुसते पेट्रोलने ओले असेल तर त्या प्लगला ठिणगीच पोहोचत नाही.

मिसिंग करणारी गाडी तशीच दामटणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो खराब होतो. त्याला हजारोंचा खर्च आहे. दीडशे रुपयांच्या प्लगसाठी तो सोसू नये.

बदलण्याची रीत

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. हेड ॲल्युमिनियमचे असते. गरम असताना प्लग काढला तर आटे मरतात.

२) एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. वायर न ओढता रबरी टोपी धरून काढावी. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिचा बोल्ट काढून ती सरळ वर उचलावी.

३) प्लग सैल करण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवावी. सायकलचा पंपही चालतो. खडा आत पडला तर सिलिंडरला ओरखडा येतो.

४) नव्या प्लगची फट फिलर गेजने तपासावी. बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मि.मी. असते, पण पुस्तिकेतला आकडा हाच खरा. इरिडियमच्या बारीक टोकाला पट्टी लावून ओढाताण करू नये आणि ते तारेच्या ब्रशने घासू नये.

५) प्लग आधी हातानेच फिरवावा. अडला तर पाना लावू नये, परत काढून सरळ धरावा. हाताने पुरता बसला की वॉशर असलेला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-सोळांश फेरा पुरतो. जोर लावणाऱ्याचे आटे जातात आणि हेड खोलावे लागते.

गॅस, इथेनॉल आणि पावसाळा

उपनगरात सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत. गॅसचे मिश्रण पेटवायला जास्त दाबाची वीज लागते. त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारा झिजका प्लग गॅसवर लगेच मिसिंग करतो. सीएनजी गाडीचा प्लग लवकर तपासावा आणि फट कंपनीने सांगितल्याप्रमाणे थोडी कमी ठेवावी.

पेट्रोलमध्ये २०० मि.लि.ला लिटरमागे, म्हणजे २० टक्के, इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. त्यात उसाचाही वाटा आहे. इथेनॉलसाठी म्हणून प्लगची जात बदलावी लागत नाही. पण इथेनॉल पाणी ओढते. गाडी दोन-तीन महिने जागेवर उभी राहिली तर टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसू शकते. अशी गाडी धरली नाही की दोष प्लगवर येतो. उभ्या गाडीला पंधरा दिवसांतून एकदा चांगली फेरी द्यावी.

मुंबईच्या दमट पावसात जुन्या वायरींतून वीज गळते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर वायरींवर बारीक निळ्या ठिणग्या दिसतात. तशा दिसल्या तर प्लग न बदलता वायरी बदलाव्यात. चालू इंजिनात वायरीला हात मात्र लावू नये.

पुरात बुडालेली गाडी

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, मिठी नदीचे पाणी कुर्ला-कालिना भागात शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. त्याच पावसाळ्यात आणि पुन्हा २०१९ साली कृष्णा-पंचगंगाकाठानेही महापूर पाहिला. पाणी ओसरले की माणूस घाईने किल्ली फिरवतो. तिथेच इंजिन जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. बॅटरीची तार सोडावी. इंजिन ऑइल दुधाळ झाले आहे का ते पट्टीवर बघावे. सगळे प्लग काढावेत आणि इंजिन पान्याने हाताने फिरवावे, म्हणजे पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडेल. नव्या गाडीत इलेक्ट्रॉनिक भाग पुष्कळ असल्याने ती ओढून वर्कशॉपला नेणे बरे. मोटरसायकललाही हाच नियम लागू आहे.

बंद हंगामात कारखाना मिल खोलून तपासतो, म्हणून गाळप सुरळीत चालते. पाऊस लागण्याआधी प्रत्येकाने गाडीचे प्लग एकदा काढून बघावेत. प्लगचा पाना, फिलर गेज आणि गाडीची पुस्तिका डिकीत ठेवावी. उपनगरात राहणाऱ्या मुलामुलींनाही हे कळवावे.

— ऊस विकास अधिकारी